मदत हवी आहे : बेसमेंटच्या खड्ड्याजवळ रात्री पोकलेन कुठे लावायची?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात आमची साईट चालू आहे, मी तिथं सुपरवायझर. बेसमेंटचं १२ फूट खोदकाम झालंय आणि जमीन सगळी काळी माती. साईटवर एक २० टनी पोकलेन (चेनवर चालणारं खोदकामाचं मशीन), एक जेसीबी, दोन हायवा (माती वाहणारे डंपर). अडचण अशी की चौकीदाराची खोली नेमकी खड्ड्याच्या बाजूला आहे, आणि मागच्या महिन्यात रात्री पोकलेनच्या टाकीतून डिझेल काढून नेलं कोणीतरी, तेव्हापासून मशीन मालकाचा हट्ट की मशीन चौकीदाराच्या डोळ्यासमोरच लागली पाहिजे, म्हणजे काठापासून जेमतेम ५ फुटांवर.

परवा रात्री जोरात पाऊस झाला. सकाळी पाहतो तर चेन आणि काठ यांच्या मधोमध लांबच लांब भेग, बोटं सहज आत जात होती. पोटात गोळा आला. ८ वाजता खाली सळई बांधणारी माणसं उतरतात, त्यांना वरच थांबवलं. मशीन मागे घेतली, पण आज संध्याकाळी पुन्हा तिथंच लावा म्हणून फोन आला.

किती अंतर ठेवायचं, खाली काय टाकायचं, बंद करताना काय काय बघायचं, नीट सांगा कोणी. आणि दुपारी उघडीप मिळाली की माणसं जेवून हायवाच्या सावलीत, कधी सरळ गाडीखालीच आडवी होतात, त्याचं काय करता तुम्ही?

प्रतिसाद :
भाऊ, १२ फूट खोल तर कमीत कमी १२ फूट दूर, आणि काळ्या मातीत पाऊस पडल्यावर मी २० फुटांच्या आत काहीच लावू देत नाही. ही माती उन्हाळ्यात फाटते, मग पावसाचं पाणी त्याच भेगांतून खोल जाते, माती आतून फुगते आणि मऊ पडते, वरून मात्र टणक दिसते. त्यात २० टन वजन रात्रभर एकाच जागी. मुरूम टाकून दाबून सपाट जागा करून घ्या, पाणी साचणार नाही अशी थोडी उंच. भेग पडली त्या बाजूनं माणसं उतरवू नका, इंजिनिअरला दाखवून काठाला उतार करून घ्या आधी.

प्रतिसाद :
१५ वर्षं पोकलेन चालवून राहिलो, माझी रोजची सवय सांगतो. सपाट जागा, वर विजेची तार नको. बूम म्हणजे मशीनचा लांब हात खाली, बकेट जमिनीवर पूर्ण टेकलेली, हवेत लटकती बकेट सोडून उतरायचं नाही म्हणजे नाही. इंजिन ३ ते ५ मिनिटं हळू चालू ठेवायचं, टर्बो थंड होतो, मग बंद करून लिव्हर हलवून हायड्रॉलिक तेलाचं प्रेशर सोडायचं, लॉक लिव्हर लावायचा, चावी काढायची, बॅटरीचा स्विच बंद. जेसीबीची पुढची मागची दोन्ही बकेट खाली आणि हँडब्रेक. हायवाचा डाला (माती भरायचा मागचा भाग) खाली, चाकाला लाकडी ठोकळे. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर, खाली वाकून बघायचं, हॉर्न द्यायचा आणि थोडं थांबायचं. मजुरांची लेकरंही असतात साईटवर, ती कॅबिनमधून दिसत नाहीत.

प्रतिसाद :
चोरीसाठी चौकीदाराची खोली हलवा ना, पत्र्याचीच असंल. टाकीला कुलूप, वर एक हॅलोजन, आणि टाकीचं तोंड जेसीबीच्या बाजूला करून लावा म्हणजे पाईप घालायला जागाच उरत नाही. झोपणाऱ्यांना नुसतं ओरडून काही होत नाही, गाड्यांपासून दूर हिरवी नेट बांधून सावली करून द्या, पाण्याची टाकी तिथंच ठेवा, आपोआप तिकडे जातात.

धागाकर्ता :
मनापासून आभार सगळ्यांचे. मालकाला भेगेचा फोटो पाठवला आणि काठाजवळ मशीन लावणार नाही असं स्पष्ट सांगितलं, ते चिडले, पण आजची रात्र मशीन गेटजवळच्या जुन्या मुरमावर लागली आहे, काठापासून ४० फूट तरी असेल. नेट उद्या बांधतो. खोली हलवायला दोन दिवस लागतील, तोवर चौकीदार खुर्ची टाकून गेटवरच बसायला तयार झालाय. आता एकच विचारायचं राहिलं, मुरमाचा थर किती जाडीचा टाकता तुम्ही लोक? ९ इंच दाबून पुरेल का, की पावसात जास्त लागतो?