शिकाऊ उमेदवारी आणि रिव्हेट

विमानाच्या कारखान्यात वर्षभर हत्यारे मोजून आणि भोके पाडून शिकाऊ उमेदवाराच्या पदरी काही पडत नाही, असे कुणी म्हटले तर ते विद्यावेतनापुरते मान्य आहे, कामापुरते नाही; पाळी संपताना एखादा ड्रिल बिट (ड्रिलचे भोक पाडणारे पाते) कमी भरला तर तो सापडेपर्यंत (तो विमानातच राहिला असू शकतो) विमान पुढे का सरकत नाही, हे मोजणाऱ्यालाच आधी कळते.

नाशिकजवळ विमानाच्या सांगाड्यावर फिटर म्हणून उमेदवारी करताना माझा खरा कस लागला तो रिव्हेटिंगला, म्हणजे रिव्हेट (टोक ठोकून चपटे करायची धातूची खिळी) बसवून पत्रे जोडण्याला. २०२४ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रिव्हेट उष्णोपचारानंतर (तापवून झटकन थंड केल्यावर) मऊ असतात, पण नेहमीच्या तापमानाला ते आपोआप कडक होऊ लागतात. म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात ठोकावे लागतात. एकाने रिव्हेट ठोकणारी गन चालवायची, दुसऱ्याने पत्र्यामागे बकिंग बार, म्हणजे जड धातूचा ठोकळा, दाबून धरायचा (हे दुसरे काम अधिक अवघड, असे माझे मत), आणि बारवर चपटे होऊन तयार झालेल्या डोक्याचा व्यास रिव्हेटच्या दांड्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट व उंची त्याच व्यासाच्या निम्मी आली की नाही, ते गेज लावून पाहायचे. बार जरा तिरका धरला गेला तर रिव्हेट ड्रिलने काढणे आले, आणि त्यात भोक मोठे झाले तर मनाने मोठा रिव्हेट घालता येत नाही, आधी नोंद करून निरीक्षकाची मंजुरी घ्यावी लागते.