स्वीडिश ‘यिम्नासियुम’ : अर्थ आणि रूपे

प्रश्न :
नमस्कार. मी सध्या स्वीडिश शिकत आहे. व्यायामशाळेसाठी इंग्रजीत वापरला जाणारा जिम्नॅशियम हा लॅटिन शब्द स्वीडिशमध्ये ‘यिम्नासियुम’ या उच्चाराने भेटतो, पण नेहमी शाळेच्या संदर्भात. शिवाय वाक्यात बहुधा ‘यिम्नासिएत’ असे रूप येते आणि शेवटचा ‘उम’ गळतो; ‘आल्बुम’चे मात्र ‘आल्बुमेत’ होते. दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले व नपुंसकलिंगी असताना हा फरक का, हे कृपया सांगावे.

उत्तर :
अर्थापुरते सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ व्यायामाची जागा असाच होता, पण अथेन्समध्ये अशा जागी अध्यापनही चाले; प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसियम ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. विद्येचा हा धागा धरून जर्मनभाषक विद्वानांनी सोळाव्या शतकात आपल्या लॅटिन शाळांना हे नाव दिले. स्वीडनमधील पहिले यिम्नासियुम बिशप योहान्नेस रुडबेकियुस यांनी 1623 मध्ये वेस्तेरोस येथे स्थापन केले. आज नऊ इयत्तांच्या शाळेनंतरच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला हा शब्द लावतात. व्यायामशाळेसाठी ‘यिम’ हा निराळा, छोटा शब्द आहे.

उत्तर :
व्याकरणाचे उत्तर ‘उम’च्या आधीच्या ध्वनीत आहे. स्वीडिशमध्ये ‘तो विशिष्ट’ हा अर्थ नामाच्या शेवटी प्रत्यय जोडून दाखवतात आणि नपुंसकलिंगात तो ‘एत’ असतो. ‘उम’च्या आधी स्वर असेल, तर प्रत्यय लागताना ‘उम’ गळतो : म्यूसेउम–म्यूसेएत, लाबोरातोरियुम–लाबोरातोरिएत. आधी व्यंजन असेल, तर तो सहसा टिकतो : आल्बुम–आल्बुमेत, दातुम–दातुमेत. ‘सेन्त्रुम’ मात्र काठावर आहे. त्याची ‘सेन्त्रुमेत’ आणि ‘सेन्त्रेत’ ही दोन्ही रूपे चालतात. मराठीत ‘पाणी’चे ‘पाण्याला’ होते, तसे इथेही प्रत्ययापूर्वी नामाचे अंग बदलते, एवढे साम्य आहे. अनेकवचन ‘यिम्नासिएर’ असे देशी प्रत्ययाने होते. ‘फाक्तुम’ या शब्दाने मात्र ‘फाक्ता’ हे लॅटिन अनेकवचन जपले आहे.

‘यिम्नासिएत’ हे रूप वारंवार दिसते त्याचे कारण असे, की शिक्षणाचा टप्पा सांगताना हेच रूप वापरतात. ‘हून गोर पो यिम्नासिएत’ म्हणजे ‘ती त्या टप्प्यावर शिकते’. कोणती शाळा, हे त्यातून कळत नाही.

प्रश्नकर्ती :
आपणा दोघांची आभारी आहे. समासात याचे काय होते? आणि डॅनिश व नॉर्वेजियनमध्येही हाच नियम लागतो का?

उत्तर :
समासातही ‘उम’ जातो आणि ‘ए’ येतो, जसे ‘यिम्नासिए-स्कूला’. ‘म्यूसेउम’चे स्वीडिश समासात ‘म्यूसेइ’ होते, तो थेट लॅटिन षष्ठीचा अवशेष आहे. डॅनिशमध्ये मात्र अख्खा शब्द ठेवून पुढे ‘स’ जोडतात. डॅनिशमध्ये ‘यिम्नासियुम’ची एकवचनी रूपे लेखनात स्वीडिशसारखीच आहेत, उच्चारात सुरुवातीला ‘ग’ येतो. नॉर्वेजियनमध्ये शब्द मुळातच ‘गिम्नास’ एवढा आखडला, त्यामुळे गळण्यासाठी ‘उम’ उरलाच नाही आणि विशिष्ट रूप सरळ ‘गिम्नासे’ असे उच्चारतात. लिहिताना शेवटी ‘त’ असतो. या टप्प्याच्या शाळेचे तिथले आजचे अधिकृत नाव मात्र वेगळे आहे.