तुमची गाणी सॉफ्टवेअरने जपली की हरवली? अनुभव सांगा

मुखडा
परवा कपाट आवरताना जुनी हार्डडिस्क सापडली. लावून बघितली तर अजून चालतेय, कुरकुरतेय पण चालतेय. त्यात 'आई कॅसेट' नावाचं फोल्डर दिसलं आणि सगळं परत वर आलं, म्हणून लिहितेय.

आई तरुणपणी रेडिओवरची गाणी कॅसेटवर टेप करायची. ती गेल्यावर मी एकेक कॅसेट कॉम्प्युटरला जोडून उतरवून घेतली, गाण्यांची नावं टाकली, तिने कव्हरवर पेनने लिहिलेल्या तारखा टाकल्या. एका गाण्याच्या आधी तिचा आवाज आहे, "थांबा, बोलू नका, सुरू होतंय", मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग गाणं.

पुढे लॅपटॉप बदलला. एका म्युझिक ॲपने विचारलं, तुमची लायब्ररी क्लाउडशी जुळवून घेऊ का, मी हो म्हणाले. त्याने माझी गाणी ओळखली आणि त्यांच्या जागी स्वतःकडची स्वच्छ स्टुडिओ कॉपी ठेवली. स्क्रीनवर सगळी गाणी जागच्या जागी, माझ्याच नावांनी, म्हणून जुन्या लॅपटॉपवरच्या फायली मी पुसल्या. काही महिन्यांनी ते गाणं लावलं. खुर्ची नाही, आई नाही. गाणं थेट सुरू.

तेव्हापासून मला या सॉफ्टवेअरकडून एवढंच हवंय की माझी फाईल ती माझी फाईल. स्ट्रीमिंगवाली कॉपी शेजारी खुशाल दाखवा पण तिच्या जागी बसवू नका. तुमचं सांगा, काय हवंय, काय हरवलं.

रिळवाला
मुखडाताई आधी एक करा. डिस्क कुरकुरत असेल तर तिच्यावरची गाणी वाजवून बघू नका, फक्त ते एक फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, बाकीचं नंतर. आणि कुठल्याही म्युझिक सॉफ्टवेअरला ती डिस्क दाखवू नका, ते लगेच सगळी डिस्क वाचायला घेतं, तेवढा ताण तिला झेपायचा नाही. फोल्डर आलं की कळवा. माझं रात्री लिहितो.

फोल्डरप्रेमी
वाचून कसंतरीच झालं हो.

माझं दुखणं प्रश्नचिन्हांचं. फार पूर्वी मराठी गाण्यांची नावं देवनागरीत टाकलेली, दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडली तर नुसती ????? ची रांग. नंतर कळलं की एमपीथ्री फाईलमध्ये नावगाव लिहायची जी पहिली पद्धत होती ना, आयडी३ ची पहिली आवृत्ती, १९९६ ची, ती म्हणजे फाईलच्या शेवटी चिकटवलेले फक्त १२८ बाइट. गाण्याच्या नावाला त्यातले ३०. कुठल्या लिपीत लिहिलंय हे सांगायची सोयच नाही. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीतलं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम १० चिन्हं, एवढ्यात कुठलं गाण्याचं नाव बसणार. दुसऱ्या आवृत्तीत सगळ्या लिप्यांना सामावणारं युनिकोड आलं तेव्हा सुटलो. मग एमपीथ्रीटॅग हे नावं-टॅग लिहायचं सॉफ्टवेअर घेऊन सगळा संग्रह परत लिहून काढला, कित्येक रात्री त्यात गेल्या, पण आता नावं वाचताना बरं वाटतं.

तर मला हवंय ते हे, की सॉफ्टवेअरने मी लिहिलेलं फाईलच्या आत लिहावं. स्वतःच्या डेटाबेसमध्ये लपवून ठेवलं तर सॉफ्टवेअर बदललं की गेलं सगळं.

धावतीपळती
बाळ आत्ता झोपलंय म्हणून पटकन. वर्षभर एकच अंगाई लावतोय, रात्री दोन दोन तास. आता ॲप मला सकाळ संध्याकाळ अंगायाच सुचवतं, माझी आधीची गझलांची आवड कुठल्या कुठे गेली. 'हे गाणं मोजू नकोस' असं एक बटण गाण्याच्या शेजारीच द्या की. खाजगी सत्र असतं म्हणे, पण ते सेटिंगमध्ये आत, आणि रडणारं बाळ खांद्यावर असताना कोण शोधणार.

मुखडा
धावतीपळती, त्या अंगाईची फाईल मात्र जपून ठेव बरं. वीस वर्षांनी त्याला ऐकवशील.

धावतीपळती
ताई रडवलंत. आजच रेकॉर्ड करते माझ्या आवाजात. उठलं बहुतेक, येते.

रात्रपाळी
करड्या गाण्यांबद्दल, म्हणजे यादीत फिकी दिसतात पण वाजत नाहीत त्यांच्याबद्दल, कोणी बोललं नाही अजून. कामावर जाताना लावायची माझी यादी होती, ४० गाणी, बारा वर्षांत जमवलेली. हळूहळू त्यातली एकेक करडी होत गेली, परवाना संपला की गाणं सेवेवरून उतरतं, आज ९ करडी आहेत. त्यातली दोन तर नुसती रिकामी ओळ झालीत, नावसुद्धा नाही. कुठलं गाणं होतं तेच आठवत नाही आता. गाणं नेलंत ते समजू शकतो, हक्क तुमचे नाहीत, पण यादी मी केलेली होती ना, नाव तरी राहू द्या, मी दुसरीकडून शोधून घेईन.

आणि शोधायला सोय आहे हो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो. तेच मुद्रण दुसऱ्या अल्बममध्ये परत आलं तरी कोड तोच, आणि त्याच गायकाने तेच गाणं पुन्हा नव्याने गाऊन मुद्रित केलं तर कोड वेगळा. सॉफ्टवेअरने यादीत हा कोड धरून ठेवला तर एका सेवेवर करडं झालेलं गाणं दुसरीवरून आपोआप उचलता येईल. नाहीतर नावावरून जुळवतात आणि मूळ गाण्याच्या जागी कराओके येतं.

ठेका
कराओके!! अगदी अगदी. आमच्याकडे यादी एका सेवेवरून दुसरीकडे नेली तेव्हा निम्मी मंडळी बिनगळ्याचीच आली. भाचीला भारी आवडलं, ती दिवसभर स्वतः गात बसली.

कानसेन
आवाजाचं बोला कोणीतरी. रात्री इअरफोन लावून स्वतःची जुनी फाईल ऐकतोय, आवाज वाढवलेला, आणि पुढचं गाणं स्ट्रीमिंगवरून आलं की कानठळ्या. स्वतःच्या फायलींसाठी रिप्लेगेन आहे, २००१ पासून आहे, तो गाण्याला हात लावत नाही, किती डेसिबल वरखाली वाजवायचं एवढं टॅगमध्ये लिहून ठेवतो. स्ट्रीमिंगवाले आपापली पातळी लावतात. पण दोन्ही एकाच रांगेत आले की एकमेकांना विचारतच नाहीत. एकच सॉफ्टवेअर दोन्ही वाजवतंय तर पातळी त्यानेच सारखी करायला पाहिजे. आणि अल्बम सलग लावला तर अल्बमची पातळी, सुटी गाणी लावली तर गाण्याची. अल्बममधलं हळुवार गाणं हळुवारच राहिलं पाहिजे, ते ओढून वर आणलं की त्यातला जीवच जातो.

सम_गाठली
कानसेनना शंभर टक्के अनुमोदन. त्यात माझी भर, मधली फट. मैफलीचं रेकॉर्डिंग, आलाप संपून बंदिश सुरू होते तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो. एमपीथ्रीत नेमकं तिथेच अर्ध्या श्वासाएवढी शांतता, तंबोरा तुटतो, आणि मला दर वेळी तिथे कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं. कारण साधं आहे, एमपीथ्री आवाजाचे ठरावीक तुकडे करतं, १,१५२ नमुन्यांचा एक, आणि शेवटचा तुकडा भरला नाही तर शांततेने भरून काढतं, सुरुवातीलाही थोडी भरते. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फायलीत किती शांतता भरलीये ते लिहिलेलं असतं, प्लेअरने वाचून तेवढी कापायची, बास. काही प्लेअर वाचतात, काही नाही. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाईलमध्ये, ही भानगडच नाही, म्हणून मी सगळ्या सीडी परत फ्लॅकमध्ये उतरवल्या.

दुसरं म्हणजे रकाने. गायक, अल्बम, वर्ष, एवढ्यावर आमचं भागत नाही. राग कुठला, ताल कुठला, साथीला कोण. फ्लॅकच्या टॅगमध्ये हवा तो रकाना आपल्या नावाने बनवता येतो, मी 'RAAG' नावाचा बनवलाय (रकान्याचं नाव तेवढं इंग्रजी अक्षरांत लागतं) आणि फूबार या प्लेअरमध्ये त्यावरून सगळं लावतो, सगळे यमन एकत्र, वेगवेगळ्या गळ्यांतले. पण तोच राग स्ट्रीमिंगवरून आणलेल्या अल्बमला लावायला गेलं की रकानाच नाही, तिथे मला एक अक्षर लिहिता येत नाही. जोडणी म्हणता ना, मग त्या गाण्यावर माझी चिठ्ठी चिकटवू द्या, तुमच्या गाण्याला धक्का लागत नाही त्याने.

स्पर्शरेषा
मला दिसत नाही, फोन स्क्रीन रीडरने वापरतो. तुमच्या मागण्या वाचल्या, सगळ्या योग्य आहेत. माझी पहिली मागणी त्याआधीची आहे, बटणाला नाव द्या. परवा एका ॲपचं नवं रूप आलं, त्यात बोट फिरवलं की "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू येतं. वाजवा कुठलं, पुढचं कुठलं, यादीतून काढा कुठलं, काही कळत नाही. एकदा पुढचं गाणं म्हणून दाबलं आणि आवडत्यांतून गाणं उडालं. तीन दिवसांनी लक्षात आलं.

अल्बमचं चित्र मोठं करून गाण्याचं नाव त्या चित्रातच ठेवतात, मला ते नाव कधीच ऐकू येत नाही. लायब्ररी कितीही हुशार असू दे, माझ्यासाठी ती आवाजात उभी राहते.

रिळवाला
स्पर्शरेषा, सध्या कुठलं वापरता? फूबार एनव्हीडीए या स्क्रीन रीडरसोबत चांगलं चालतं असं एका मित्राकडून ऐकलंय, कीबोर्डवर सगळं नेमता येतं.

स्पर्शरेषा
हो, कॉम्प्युटरवर तेच. प्रश्न फोनचा आणि स्ट्रीमिंगचा. पण विचारलंत, छान वाटलं.

चालता_बोलता
वेगळं मत मांडू का. मला फायलीच नकोत. सहा वर्षं झाली एकही फाईल ठेवलेली नाही, जे हवं ते शोधायचं आणि ऐकायचं, टॅग लिहिणं नाही, बॅकअप नाही. सुखी आहे. फक्त किती वेळा काय ऐकलं ते मला माझ्याकडे हवं. काय ऐकलं त्याची नोंद ठेवणाऱ्या लास्टएफएमला जोडलेलं आहे, तिथे जुन्या सेवेचाही हिशोब राहिलाय. सेवा दोनदा बदलली पण कॉलेजात कुठलं गाणं सारखं ऐकायचो ते अजून दिसतं.

सम_गाठली
चालता_बोलता, त्यात एक बघा, लास्टएफएमवर गाणं अर्धं किंवा ४ मिनिटं वाजलं की एक मोजतात, जे आधी होईल ते. त्यामुळे तासाभराचा ख्याल पूर्ण ऐकला तरी एक आणि चार मिनिटं ऐकून बंद केला तरी एकच. माझ्या हिशोबात आयुष्यभराचं ऐकणं चिमूटभर दिसतं. वेळ मोजा हो, वेळ.

ठेका
मी जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम लावलंय, घरच्या फायली फोनवर पोचवणारं सॉफ्टवेअर, घरभर कुठल्याही फोनवर माझी गाणी. फुकट, सुटसुटीत, सबसॉनिक या तशाच जुन्या सॉफ्टवेअरची भाषा बोलणारं कुठलंही ॲप चालतं. पण स्ट्रीमिंग त्यात येत नाही. सेवांची गाणी कुलूपबंद असतात, त्यांनी परवानगी देऊन दार उघडलं तरच बाहेरचं सॉफ्टवेअर ती वाजवू शकतं. रून या प्लेअरमध्ये टायडल आणि कोबझ या स्ट्रीमिंग सेवा आपल्या फायलींच्या शेजारी येतात ते याच परवानगीने. मी सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटी जोडणी लिहिलेली, माझ्या गाण्यासारखी गाणी सेवेवरून सुचवणारी. छान चालली, मग त्या सेवेने ती दारं बंद केली. चिडलो नाही, वाईट वाटलं. दार बंद करायचं तर निदान वर्षभर आधी सांगा, लोक त्यावर घरं बांधतात.

रात्रपाळी
ठेका, मग आता कसं करतोस? दोन ॲप?

ठेका
दोन ॲप. सकाळी हे, संध्याकाळी ते. एका रांगेत दोन्ही लावता आले तर मी आणखी काही मागणार नाही.

फोल्डरप्रेमी
आणि ज्या अल्बममध्ये चौदा गाणी चौदा गायकांची असतात त्याचे चौदा अल्बम करू नका कृपया. 'अल्बम कलाकार' हा वेगळा रकाना त्यासाठीच आहे.

धावतीपळती
परत झोपलं. ताई, फोल्डर आलं का?

मुखडा
आलं. रिळवाले सांगतात तसं केलं, फक्त तेवढंच फोल्डर. ६३ पैकी ६१ फायली आल्या, दोन वाचता आल्या नाहीत, त्या पुन्हा बघेन.

ते गाणं त्या ६१ मध्ये आहे. वाजवायच्या आधी लांबी बघितली, भीती वाटत होती. ॲपमधलं ४:०५ आणि हे ४:१७. बारा सेकंद जास्त, तेव्हाच हात कापायला लागला.

मग लावलं. "थांबा, बोलू नका, सुरू होतंय." खुर्ची. आणि एक मी पार विसरलेले, खुर्चीच्या मागून लहान मुलगी खुदकन हसते आणि कुणीतरी तिला श्श करतं. ती मीच असणार, घरात दुसरं लहान कोणी नव्हतं.

रिळवाला
छान झालं. त्या दोन फायलींसाठी घाई करू नका, डिस्क बंद करून ठेवा, मी उद्या सांगतो कसं करायचं. आणि त्या ६१ आजच्या आज आणखी एका ठिकाणी ठेवा.

सम_गाठली
आणि टॅगमध्ये कलाकार म्हणून आईंचं नाव लिहा ताई. साथीला तुमचं.

मुखडा
लिहिलं.