शब्द हवा: हर्बल टी ‘स्टीप’ करणे

गोदाकाठ:
नाशिकच्या एका बचत गटाच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत करतेय. आत गवती चहा, तुळस, पुदिना, हिबिस्कस; सगळं वाळवलेलं, सुटं. मूळ इंग्रजीत ‘पाच मिनिटं स्टीप करा’ आहे, म्हणजे कढत पाण्यात घालून तसंच ठेवा. आधीच्या मसुद्यात ‘उकळा’ होतं, ते चूक. उकळलं की तुळस-पुदिन्याचं तेल वाफेबरोबर जातं, वास उरत नाही. ‘भिजवा’ म्हणावं तर लोक गार पाण्यात टाकतील.

कोशवाला:
आयुर्वेदात शब्द आहेच: फांट. क्वाथ म्हणजे सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणं. हिम म्हणजे सहापट गार पाण्यात रात्रभर ठेवणं. फांट म्हणजे चौपट कढत पाण्यात घालून गाळणं. इतकी नेमकी विभागणी असताना नवा शब्द कशाला?

आधण:
रविवार कारंज्यावर पाकीट घेणाऱ्याला फांट कळणार नाही. सरळ ‘मुरू द्या’ लिहा. २०० मिलि पाण्याला आधण आलं की गॅस बंद करायचा, सपाट चमचाभर (साधारण २ ग्रॅम) घालायचं, झाकण ठेवून ५ ते ७ मिनिटं मुरू द्यायचं. झाकणाचा उल्लेख गाळू नका. झाकणाला आतून थेंब जमतात ना, ते कपातच झटकायचे. सुगंध त्यातही असतो.

कोशवाला:
मुरतं ते लोणचं. त्याला दिवस लागतात.

वाळवण:
पावसाचं पाणीही जमिनीत मुरतं, त्याला कुठे दिवस लागतात? ‘मुरू द्या’ला माझं मत. पण पुढे मिश्रणात दालचिनी, आलं, ज्येष्ठमध घालणार असाल तर नुसतं मुरवून भागत नाही. मुळं-साली आधी १० मिनिटं उकळाव्या लागतात, पानं शेवटी. ज्येष्ठमध असलं तर सूचनाही छापा: रोज बरंच घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं.

गोदाकाठ:
ज्येष्ठमध नाही. हिबिस्कसला जास्वंद लिहिलंय, चालेल ना?

वाळवण:
नाही! पेयातलं ते आंबट लाल हिबिस्कस म्हणजे लाल अंबाडी. तिच्या पाकळ्या नव्हे, बोंडाभोवतीची जाड लाल बाह्यदलं वाळवतात. पूजेच्या जास्वंदीला ती आंबट चव नसते. आंबट म्हणूनच ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नये. अंबाडीच्या पेयाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, तेव्हा गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, हेही छापा.

आधण:
मुळात ‘टी’ तरी म्हणता येईल का? चहाच्या झाडापासून केलेलं नसेल तर ‘टी’ छापू नये, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

कोशवाला:
मग गवती चहाचं काय? ते वनस्पतीचंच नाव आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. तिथे नियमाने मराठी बदलू नये.

वाळवण:
घटकांच्या यादीत ते हवंच, प्रश्न पेयाच्या नावाचा आहे. फक्त ‘हिरवा चहा’ टाळा. काही घरांत गवती चहालाच हिरवा चहा म्हणतात, आणि ग्रीन टीचं भाषांतरही तेच करतात. ग्रीन टीला ८० अंशांच्या आसपासचं पाणी, २-३ मिनिटं. जास्त झालं की कडू. गवती चहाला खळखळतं पाणी चालतं. कृती उलटसुलट होईल.

कोशवाला:
‘पातीचा चहा’ म्हणा.

आधण:
नाशिकच्या बाजारात नुसतं ‘पात’ म्हटलं की कांद्याची जुडी हातात देतात. गवती चहाच ठेवा.