बुद्धिबळातले जुने बलिदानाचे (मोहरा मुद्दाम देऊन टाकण्याचे) डाव इंजिनवर, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर, टाकून पाहिलेत का? अनुभव लिहा

वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेला डाव इंजिनवर टाकला आणि भलतंच काही दिसलं, असं झालंय का कुणाचं? चालीच्या नंबरासकट लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. कास्पारोव्ह-टोपालोव्ह, १९९९. २४व्या चालीला कास्पारोव्हच्या हत्तीने डी४ या घरावरचं प्यादं मारलं, टोपालोव्हने तो हत्ती खाल्ला आणि त्याचा राजा ए७ वरून फरफटत डी१ पर्यंत गेला. इंजिन म्हणतं हत्ती खाऊच नका, राजा बी६ ला घ्या, पांढऱ्याला काही मिळत नाही. दोन दिवस चुटपुट लागली होती. मग खाल्ल्यानंतरच्या चाली एकेक करून बघत गेलो, ३६व्या चालीचा उंट एफ१ आला आणि पहिल्यासारखाच काटा आला अंगावर.

उत्तर १: मी मिखाइल तालची भक्त. १९६०च्या विश्वविजेतेपदाच्या मॅचचा सहावा डाव, बोत्विन्निकसमोर तालने घोडा एफ४ ला दिला. इंजिन पांढऱ्याच्या, म्हणजे बोत्विन्निकच्या बाजूने झुकतं, पण कशामुळे, तर २५व्या चालीला समोर फुकटचा वजीर दिसत असताना तो न खाता उंटाने एफ३ वरचं प्यादं मारायचं! बोत्विन्निकने वजीर खाल्ला. त्यात हॉलमध्ये इतका गलका की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. मी इंजिन बंद करून, घड्याळ लावून त्या पोझिशनवर अर्धा तास बसले, मीही वजीरच खाल्ला. तेव्हापासून कोण किती वरचढ हे सांगणारा इंजिनचा नुसता आकडा बघून बलिदान चुकलं असं म्हणत नाही, समोरच्याला एकुलत्या एक चाली किती शोधाव्या लागतात ते मोजते.

उत्तर २: माझं उलट झालं. टोपालोव्ह-शिरोव्ह, लिनारेस १९९८, ४७वी चाल उंट एच३. जुन्या कॉम्प्युटरवर रात्रभर इंजिन चालू ठेवलं, सकाळी पाहिलं तरी ती चाल यादीत नाही. विरुद्ध रंगाचे उंट, कुणीही बरोबरी म्हणेल असा अंत्यडाव, आणि शिरोव्ह उंट चक्क प्याद्याच्या तोंडात देतो कारण एफ५ चं घर राजाला मोकळं हवंय आणि ई४ गाठायला एक चालही वाया घालवायची नाही. शेवटी मीच हाताने चाल खेळलो, उंट खायला लावला, राजा पुढे नेला, तेव्हा कुठे आकडा काळ्याकडे सरकायला लागला.

उत्तर ३: आंडेरसेनचा १८५१चा अमर डाव, थोडक्यात. १८व्या चालीचा उंट डी६ इंजिनला आवडत नाही. पण श्टाइनिट्झने १८७९ मध्येच दाखवलं होतं, काळ्याने आधी ए१ चा हत्ती खायचा आणि मग वजीर बी२ ला आणायचा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, इंजिन त्याच चाली देतं.