थंडीत निळीचा रांजण झोपला आहे; गूळ वाढवावा की थांबावे?

निळाई, औसा

नमस्कार. मी औसा तालुक्यात राहते आणि हातमागाच्या सुती कापडावर नैसर्गिक रंगांचे काम करते. मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल ही कामे बारा महिने सुरळीत चालतात. नीळ मात्र दर हिवाळ्यात माझा अंत पाहते.

यंदा गणपती उठल्यावर ६० लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटरचा नवा रांजण, म्हणजे कापड बुडवण्यासाठी आंबवलेले निळीचे पाणी, लावला (पिंप असले तरी सवयीने मी त्याला रांजणच म्हणते). त्यात २०० ग्रॅम नीळ, ४०० ग्रॅम विरवलेला चुना, ६०० ग्रॅम गूळ आणि शिजवून गाळलेल्या तरोट्याच्या बियांचा बुळबुळीत काढा घातला. दसऱ्यापर्यंत रांजण असा जमला होता, की चिंधी बुडवून वर काढली की ती पोपटी दिसायची आणि बघता बघता हवेत निळी व्हायची. पाण्यावर तांब्यासारखी चकाकणारी साय असायची आणि तिच्याखालचे पाणी पिवळसर-हिरवे, नितळ दिसायचे.

दिवाळीनंतर त्याची ताकद उतरू लागली. येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) आदल्या दिवशी सकाळी सहाला पडवीत थर्मामीटर ११ अंश दाखवत होता आणि रांजणातले पाणी १६ अंशांवर होते. साय नाहीशी झाली आहे, पाणी गढूळ निळे दिसते आणि चिंधी बुडवली तर ती फिकट आकाशी होऊन येते, शिवाय धुतल्यावर निम्मा रंग निघून जातो. भूक लागली असेल असे समजून मी महिनाभरात तीन वेळा पाव-पाव किलो गूळ घातला, पण काडीचाही फरक पडला नाही. हळदीचा कागद बुडवल्यावर लाल होतो, म्हणजे चुना पुरेसा असावा.

अडचण अशी की संक्रांतीसाठी चंद्रकळेसारख्या गडद, जवळजवळ काळ्या दिसणाऱ्या चार साड्यांचे काम मी घेऊन बसले आहे आणि नेमकी तेव्हाच थंडी कडाक्याची असते. रांजण मेला असे समजून नवा लावावा, गूळ आणखी वाढवावा, की काही वेगळेच करावे?

रंगारी, पैठण

ताई, रांजण मेलेला नाही, गारठला आहे. गूळ मात्र आजपासून पूर्ण बंद करा, कारण तुमच्या रांजणाचे नुकसान थंडीने जेवढे केले नाही तेवढे त्या पाऊण किलो गुळाने होऊ शकते.

आपल्या घरी थंडीत दही लागत नाही तेव्हा आपण विरजण वाढवत बसत नाही. भांडे गोधडीत गुंडाळतो किंवा पिठाच्या डब्यात ठेवतो. येथेही तसेच आहे. गूळ खाणारे जिवाणू २५ ते ३५ अंशांत कामाला येतात आणि १६ अंशांत ते खातच नाहीत, त्यामुळे गूळ तसाच साचून राहतो. एका पौषात मी हट्टाने दोन किलो गूळ ओतला होता आणि तेव्हा काहीच घडले नाही. पुढे रथसप्तमी झाली, उन्हाला धार आली आणि साचलेला सगळा गूळ चार दिवसांत आंबला. रांजण ताकासारखा आंबूस झाला, चुना घालून घालून मी थकलो आणि शेवटी तळाचा गाळ तेवढा वाळवून ठेवला. म्हणून आधी ऊब आणि मगच अन्न, हा क्रम थंडीत मोडू नये.

ऊब देण्यासाठी पाण्यात विजेची कांडी सोडू नका. तिच्यावर चुन्याचा थर चढतो आणि शॉक बसण्याचा धोका वेगळाच. मी पाच लिटरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा कॅन उकळत्या पाण्याने भरून अलगद रांजणात सोडतो. तुमच्या ५० लिटरला एका कॅनने साधारण सात अंश चढतात, म्हणजे पाठोपाठ दोन कॅन सोडले की १६ चे २८-२९ होतील. त्यानंतर पिंपाला चारी बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या लावा, वर जुनी गोधडी टाका आणि खाली फरशी असेल तर पिंप फळीवर ठेवा, कारण थंडी बहुतेक खालूनच शिरते. जागा असेल तर पिंप गळ्यापर्यंत शेणखताच्या ढिगात पुरणे सर्वांत उत्तम. जपानमध्ये चार रांजणांच्या मध्ये खड्डा ठेवून त्यात लाकडाचा भुसा धुमसत ठेवतात. आपल्या थंडीला एवढा खटाटोप लागत नाही.

प्रयोगवही, परभणी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि आमच्याकडची थंडी मराठवाड्यात प्रसिद्धच असल्यामुळे हा प्रश्न मलाही दरवर्षी भेटतो.

पहिली गोष्ट हळदीच्या कागदाची. हळद आणि चुना यांपासून कुंकू होते हे घरोघरी ठाऊक आहे, पण सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) साधारण साडेआठच्या पुढे गेला की हळद लाल होते आणि पुढे लालच राहते. तुमच्या रांजणाला साडेनऊ आणि अकरा यांतला फरक कळायला हवा, आणि तो हळद सांगू शकत नाही. सामू मोजण्याच्या पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. सुती कापडासाठी साडेदहाच्या आसपासचा सामू चांगला. साडेनऊच्या खाली आला तर चुना द्यावा.

दुसरी गोष्ट अशी की नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे क्षपण झाले, म्हणजे तिला हायड्रोजन मिळाला, की तिचे पिवळसर रूप तयार होते, ते अल्कधर्मी पाण्यात विरघळून धाग्यात शिरते आणि कापड हवेत आले की ऑक्सिजनमुळे तेथेच पुन्हा निळे, अविद्राव्य होऊन बसते. तुमच्या रांजणात हे क्षपण दोन वाटांनी चालते. जिवाणूंची वाट वर सांगितलीच आहे. दुसरी वाट साखरेची आहे, पण गुळातला मोठा भाग सुक्रोजचा असतो आणि सुक्रोज स्वतः क्षपण करत नाही. ते काम गुळात थोड्या प्रमाणात असलेल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे. ही अभिक्रिया ४०-५० अंशांना झपाट्याने होते आणि १६ अंशांना जवळजवळ थांबते. म्हणजे थंडीने तुमच्या दोन्ही वाटा एकदमच अडवल्या आहेत. चुन्याला मात्र दोष देऊ नका. तो थंड पाण्यात उलट किंचित जास्तच विरघळतो.

निम्मा रंग धुण्यात जातो याचेही कारण हेच आहे. क्षपण न झालेली नीळ धाग्यात न शिरता वरवर चिकटते, ती निघून जाणारच. अशा रांजणात बुडवण्या वाढवून काही साधत नाही.

निळाई, औसा

दोघांचेही मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबले होते.

लातूरहून पट्ट्या आणल्या तेव्हा सामू १०.२ च्या आसपास होता, म्हणजे तोवर फार बिघडले नव्हते. संध्याकाळी दोन कॅन सोडले तेव्हा पाणी २८ अंशांवर गेले आणि कडबा व गोधडीमुळे सकाळी सहाला ते २३ होते, बाहेर मात्र बारा. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कॅन सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी कडेला निळसर बुडबुडे दिसू लागले आणि मी खूश झाले. पाचव्या दिवशी झाकण उघडताच आंबूस वास आला आणि सामू ९.२ वर उतरला होता. पैठणच्या दादांनी रथसप्तमीला पाहिले ते मी ऐन पौषातच पाहिले. साठ ग्रॅम चुना कोमट पाण्यात कालवून दोन वेळा मिळून घातला, काठीने तळापासून हळू ढवळले (भोवरा होऊ दिला नाही, म्हणजे हवा कमी मिसळेल) आणि दोन दिवस हात लावला नाही. काल साय परत आली. चिंधी पोपटी निघाली, पण गणपतीनंतर निघायची तेवढी तकतकीत नाही.

आता शंका अशी की पहिल्या साडीच्या दोन बुडवण्यांनंतरच पाणी पुन्हा निळे पडू लागले आणि कापडावर चुन्याचे पांढरट डाग राहिले. दुसरे असे की संक्रांतीला आता बाराच दिवस उरले आहेत.

चरखा, नांदेड

ताई, साडी रांजणात सोडण्यापूर्वी कोणत्या पाण्यात भिजवता? बोअरच्या किंवा टाकीच्या गार पाण्यात भिजवलेली साडी आत गेली की आपल्याबरोबर दोन-अडीच लिटर गार पाणी आणि घड्यांत अडकलेली हवा घेऊन जाते, मग दोन कॅनची मेहनत एका साडीत संपते. साडी ३५ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, घट्ट पिळा आणि मगच सोडा. पांढऱ्या डागांसाठी, ढवळल्यावर किमान तीन-चार तास गाळ बसू द्या आणि तळापासून वीतभर वर बांबूची चाळणी किंवा जाळी टांगा, म्हणजे कापड गाळाला टेकणार नाही. दिवसाला तीनच बुडवण्या घ्या, प्रत्येक पाच मिनिटांची, आणि दोन बुडवण्यांच्या मध्ये वीस मिनिटे वारा द्या. त्यानंतर रांजणाला रात्रभर विसावा द्या.

गूळ संपल्यावर पुन्हा काही द्यावेसे वाटले तर पिकून काळी पडलेली केळी द्या. आमच्या अर्धापूरकडे ती मातीमोल मिळतात. सालीसकट उकळून, गाळून फक्त पाणी घालायचे; त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज तयारच असते.

आता चंद्रकळेबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो, पटले नाही तर सोडून द्या. निव्वळ निळीने काळ्याच्या जवळ जाण्यासाठी भरल्या रांजणातसुद्धा दहा-बारा बुडवण्या लागतात आणि नुकत्या आजारातून उठलेल्या रांजणाकडून चार साड्यांसाठी ही अपेक्षा करणे योग्य नाही. पाच बुडवण्यांची मध्यम नीळ घ्या, स्वच्छ धुवा, हिरड्याच्या काढ्यातून काढा आणि वर लोखंडाचे पाणी द्या. हिरड्याचे टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग देतात आणि खालच्या निळीमुळे त्याला खोली येते, तो करडा-तपकिरी दिसत नाही. गंजलेले खिळे आणि गूळ यांचे पाणी मुरायला या थंडीत तीन आठवडे लागतील, म्हणून तुम्ही हिराकसच (लोखंडाचा तयार क्षार) वापरा; अगदी कमी वापरा, कापडाच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त नको, कारण लोखंडाने सूत कुजते. जुन्या काळ्या साड्या काठापेक्षा अंगात आधी विरतात, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते.

काही जण अशा वेळी चिमूटभर हायड्रो (निळीचे झटपट क्षपण करणारी रासायनिक पूड) टाकून मोकळे होतात. मीही अडचणीत तसे केले आहे, मला त्यात पाप वाटत नाही.

प्रयोगवही, परभणी

पापाचा प्रश्न नाही, पण आंबवलेल्या रांजणात हायड्रो घातल्यास त्यातून तयार होणारी गंधकाची संयुगे जिवाणूंना मानवत नाहीत, म्हणून चालू रांजणात ते टाळावे. वापरायचेच असेल तर वेगळ्या भांड्यात, उघड्यावर, आणि डबा पूर्ण कोरडा ठेवून. ओल लागलेले हायड्रो तापते आणि पेटूही शकते.

निळाई, औसा

हायड्रो वापरले नाही. कोमट पाण्यात भिजवणे, जाळी टांगणे आणि रोज तीन बुडवण्या हे तिन्ही पाळले. रोज एकेक साडी आळीपाळीने घेतली. दोन साड्यांना पाच-पाच बुडवण्या पूर्ण झाल्या, एकीला चार, आणि चौथी ग्राहकांना फोन करून फाल्गुनावर ढकलली आहे. हिरडा आणि हिराकस यांनंतर पहिली साडी पडवीत वाळत घातली तेव्हा सावलीत ती काळी दिसत होती आणि पदर उन्हात आला की घडीच्या कडेला निळी झाक उठत होती. तीन बुडवण्या झाल्या की रांजण २४ अंशांवर येतो, मग कॅन सोडते. गूळ महिनाभर घातलेला नाही. आज सामू १०.४ आहे.

चरखादादा, शेवटची धुलाई रिठ्याने करावी की आधी थोड्या लिंबाच्या पाण्यातून काढून चुना मारावा? आमच्या बोअरला क्षार खूप आहेत आणि साबणाचा फेसच होत नाही.

चरखा, नांदेड

आधी दोन वेळा साध्या पाण्यातून काढा, मग लिंबाच्या अगदी फिकट पाण्यात दहा मिनिटे ठेवा आणि शेवटी रिठा. हिराकस दिलेल्या साडीला मात्र लिंबू लावू नका, काळा उतरेल. तिला नुसता रिठा. शेवटच्या खळबळीसाठी पावसाचे साठवलेले पाणी असेल तर तेच घ्या.