लोरेटा लिनचं 'द पिल': गाण्यानं बायकांचं काही भलं होतं का?

गुळवेल (धागाकर्ती):
स्त्रीवादी गाणी म्हटलं की सगळे पॉप गायिका बियॉन्सेपाशी थांबतात. २०१४ च्या एमटीव्ही सोहळ्यात तिच्यामागे 'फेमिनिस्ट' अशी भलीमोठी अक्षरं झळकली, झालं! मला विचाराल तर खरं काम केलं अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या खाणकामगाराच्या मुलीनं. गायिका लोरेटा लिन. पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. १९७५ मध्ये तिचं 'द पिल' आलं. त्यातली बायको नवऱ्याला ठणकावते, की इतकी वर्षं मला कोंबडीसारखं उबवत बसवलंस, आता गर्भनिरोधक गोळी मिळालीय, तुझं खुराडं मोडलं म्हणून समज. बाळंतपणाचे ढगळ कपडे थेट कचऱ्यात. आणि हे कंट्री संगीतात, म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांत, म्हणजेच दर रविवारी चर्चला जाणाऱ्या घरांत! कित्येक रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला, तरी कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर. खेड्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं म्हणे, संततिनियमनाच्या आमच्या पत्रकांना जमलं नाही ते तुझ्या गाण्यानं केलं.

खवचट_काका:
डॉक्टरांचा किस्सा बाईंनी स्वतःच सांगितलेला, हे लिहायचं राहिलं का? गोळीला मंजुरी १९६० ची. विवाहितांचा संततिनियमनाचा हक्क अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मान्य केला १९६५ ला, तोही एस्टेल ग्रिसवोल्ड या कार्यकर्तीनं कनेक्टिकट राज्यात संततिनियमनाचा दवाखाना उघडून अटक ओढवून घेतली म्हणून. त्यानंतर दहा वर्षांनी गाणं. वरात घरी पोचल्यावर वाजंत्री!

गुळवेल:
काका, रेकॉर्डिंग १९७२ चं आहे. तीन वर्षं कंपनीनं दाबून ठेवलं. आणि कोर्टानं हक्क दिला म्हणून घरात नवऱ्यासमोर तोंड उघडता येतं का? ते कसं उघडायचं, हे गाण्यात होतं.

मधली_सुट्टी:
पैशाचंही बोला की. 'रिस्पेक्ट' हे गाणं मुळात गायक ओटिस रेडिंगनं लिहिलेलं, १९६५ चं: कमावून घरी आलोय, मान दे. १९६७ मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिननं तेच बाईच्या तोंडी घातलं, 'रिस्पेक्ट' शब्दाची अक्षरं एकेक करून ठणकावली, आणि गाणं उलटंच झालं. पण अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला, गाणाऱ्याला छदाम नाही. म्हणजे घोषणा बायकांची, रॉयल्टी बाप्याची.

खवचट_काका:
वा! माझंच काम केलंत.

मधली_सुट्टी:
नाही हो. पैसे बुडाले म्हणून गाणं फुकट गेलं असं कुठे म्हटलं? रेडिंगचं किती जणांना आठवतंय?

खवचट_काका:
बरं, मग हे सांगा. तुमच्या लोरेटाबाईंनी २०१६ मध्ये ट्रम्पना जाहीर पाठिंबा दिला. स्त्रीमुक्ती चळवळीबद्दलही फारसं प्रेम नव्हतं त्यांना. हे कुठे बसवायचं?

गुळवेल:
कुठेच नाही. तिला देव्हाऱ्यात बसवा असं मी म्हटलेलंच नाही. गाणं ऐकून दवाखान्यात गेलेल्या बायका तिचं राजकारण विचारून गेल्या नव्हत्या.